लांडगा आला रे आला, अँटेना घेऊन

ऐकलंत का? अँटेना म्हणे आता माणसं बनवत नाहीत. लांडगे बनवतात! लांडगे मोकळे नसले तर वटवाघळं, वटवाघळं उडून गेली तर काजवे, आणि काजवेही कुणी आधीच पळवले असतील तर मांजरं. कुणा महाभागांनी तर शेतातलं तण कामाला लावलं. जे तण आपल्या आज्या-पणज्यांनी कंबर मोडेस्तोवर खुरपून बांधावर फेकलं, तेच आता रेडिओलहरींना दिशा दाखवतं. काय म्हणावं याला? शिकलेली माणसं ना ही? फी भरून शिकलेली?

बरं, हे सगळं लांब कुठे सातासमुद्रापार चाललं असतं तर आपण नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण ही साथ आपल्या दारात आलीय. आपलं हरियाणातलं फरीदाबाद म्हणजे लोखंड ठोकणारं गाव. ट्रॅक्टर इथले, टायर इथले, बूट इथले. मेट्रो स्टेशनचं नावसुद्धा ‘एस्कॉर्ट्स मुजेसर’, म्हणजे कारखाना आधी, गाव नंतर. इथला माणूस कामाला लागला की हातात पाना दिसायचा. आता हातात लॅपटॉप आणि लॅपटॉपात कळप! मथुरा रोडला इंजिनिअरिंग कॉलेजाबाहेरच्या एखाद्या टपरीवर घटकाभर उभं राहून बघा. एम.टेक.ची पोरं चहात मठरी बुडवत एकमेकांना विचारतात, “तेरा कौन-सा जानवर है?” “व्हेल.” “अरे यार, व्हेल तो पिछले बैच में हो गया. बाज ले ले, बाज!” नवख्या माणसाला वाटावं, पशुवैद्यकीचं कॉलेज असेल.

तर प्रकरण काय आहे ते आधी नीट समजून घेऊ. नावं ठेवायला बरं पडतं.

एकटी अँटेना लहरी चहूकडे उधळते. तशाच दहा अँटेना ओळीनं, एकमेकींपासून अर्ध्या तरंगलांबीवर उभ्या केल्या की समोरच्या दिशेला त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून जोर धरतात आणि बाकीच्या दिशांना एकमेकींना खाऊन टाकतात. या ओळीला म्हणायचं अ‍ॅरे. समोर जातो तो मुख्य झोत. बाजूंना नको असताना फुटतात ते साइडलोब. सगळ्या अँटेनांना सारखाच करंट दिला, तर सगळ्यांत दांडगा साइडलोब मुख्य झोताच्या साधारण १३ डीबी खाली असतो, म्हणजे ताकदीनं त्याचा विसावा हिस्सा. विसावा म्हणजे किरकोळ वाटतो? रडारवाल्याला विचारा. बाजूच्या टेकडीवरून परतलेली लहर समोरचं विमान वाटायला तेवढा पुरतो. म्हणून त्याला दाबायचं. २० डीबी खाली नेला तर शंभरावा हिस्सा, ३० नेला तर हजारावा. दाबायचं कसं? कुणाला किती करंट, कुणाची लहर किती मागेपुढे, दोघींत अंतर किती, हे बदलत राहायचं. बटणं काय ती एवढीच. आणि या एवढ्याशा बटणांसाठी अख्खं जंगल उठवलंय!

आता लांडग्याची कामाची पद्धत अगदी जवळ जाऊन बघा, कारण खरी मजा तिथे आहे. कळपाच्या शिकारीची नक्कल करत संगणकावर उत्तर शोधायचं ‘ग्रे वुल्फ ऑप्टिमायझर’ हे प्रकरण सैयदअली मीरजलिली आणि मंडळींनी २०१४ साली काढलं. रात्रीचे अकरा वाजलेत, हॉस्टेलच्या खोलीत पंखा कुरकुरतोय, पोरानं मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडलंय. लांडगे ३०, फेऱ्या ५००. लांडगा म्हणजे काय, तर पाच आकडे. ओळ दहा अँटेनांची, पण डावी बाजू उजवीसारखीच, म्हणून पाच करंट पुरतात. पहिल्या फेरीत तीसही लांडगे वाटेल ते आकडे तोंडात धरून उभे. प्रत्येकाचा साइडलोब मोजायचा. ज्यांचा सगळ्यांत खाली, ते तिघे पुढारी: अल्फा, बीटा, डेल्टा. मग कळप या तिघांकडे बघून आपापले आकडे सरकवतो, तिघांच्या मधे कुठेतरी. सोबत एक आकडा दर फेरीला २ वरून ० कडे घसरत असतो. तो मोठा असेतो लांडग्यांनी उनाडायचं, लहान झाला की भक्ष्यावर तुटून पडायचं. स्क्रीनवर एक निळी रेघ पायरी पायरीनं खाली उतरते आणि कधीतरी सपाट होते. पुढच्या फेऱ्यांत लांडगे नुसते जांभया देतात. पण ५०० म्हणजे ५००. साइडलोब १५,००० वेळा मोजून झाला की पोरगं गाइडला आलेख धाडतं. पलीकडून अंगठा येतो. शिकार झाली हो, शिकार झाली! कशाची? पाच आकड्यांची!

आणि ही शिकार कधीची मेलेली आहे, ठाऊक आहे? १९४६ पासून. त्या साली डॉल्फ नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाच्या एकोणिसाव्या शतकातल्या बहुपदी घेतल्या आणि सांगून टाकलं, की सारख्या अंतरावरच्या ओळीला कोणकोणते करंट दिले म्हणजे सगळे साइडलोब एका पातळीत खाली बसतात. वर हेही दाखवलं, की मुख्य झोत एवढा अरुंद हवा असेल तर साइडलोब याहून खाली जाणारच नाहीत. अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराला हे चोख लागू. म्हणजे लांडगा फार तर डॉल्फची बरोबरी करील. पुढे जाण्याची सोयच नाही! कागद, पेन आणि थोडी चिकाटी एवढ्यावर जे उत्तर मिळतं, त्यासाठी १५,००० वेळा गणित? हातच्या काकणाला आरसा, आणि तोसुद्धा ३० लांडग्यांनी चारी बाजूंनी धरलेला!

पण पेपरात डॉल्फचं नाव सापडतं का? सापडलं तर प्रस्तावनेत, फुलाच्या पाकळीएवढं. निकालाच्या तक्त्यात मात्र पहिलवान कोण कोण? गेल्या वर्षीचं वटवाघूळ, त्याआधीच्या वर्षीचा काजवा आणि यंदाचा लांडगा. वटवाघळापेक्षा लांडगा अर्ध्या डीबीनं सरस. टाळ्या! पुढच्या वर्षी व्हेल येणार आणि लांडग्याला पाव डीबीनं लोळवणार. पुन्हा टाळ्या! वडीलधाऱ्यांना बोलावलंच नाही, तर कुस्ती जिंकायला अडचण ती काय?

हरियाणावाल्यांनाच कशाला बोल लावायचा? आपले नागपूरकर काय मागे आहेत? तिथल्या व्हीएनआयटीतून २०१६ या एका वर्षात अँटेनांच्या ओळीवर फुलांचं परागीभवन झालं, करडा लांडगा झाला आणि ‘अँट लायन’ही झाला. अँट लायन म्हणजे वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट बघत बसणारा किडा. एका वर्षात फूल, श्वापद आणि कीटक, म्हणजे जवळजवळ सगळी जीवसृष्टी आवरली! (खरं बोलायचं तर त्या मंडळींनी अँटेनांची जागासुद्धा सरकवून पाहिली, आणि जागा सरकली की डॉल्फचं सूत्र गप्प बसतं. म्हणून त्यांना सूट. पण आज सूट द्यायचा दिवस नाही.) भुवनेश्वरच्या आयआयटीनं २०१४ साली मांजरांचा कळप धाडला होता. मांजरांचा कळप! ज्यांच्या घरी एक मांजर आहे त्यांनी सांगावं, ते कधी कुणाचं ऐकून एका दिशेला गेलंय का?

सुरुवात साधीच होती हो. १९७५ मध्ये जॉन हॉलंडनी उत्क्रांतीवरून जेनेटिक अल्गोरिदम मांडलं. १९९२ मध्ये मार्को दोरिगोंनी प्रबंधात मुंग्या आणल्या. १९९५ मध्ये केनेडी आणि एबरहार्ट या जोडीनं पक्ष्यांचे थवे बघून पार्टिकल स्वॉर्म काढलं. त्यातले केनेडी तर सामाजिक मानसशास्त्रवाले. इथवर आपण कौतुकानं माना डोलावल्या. पण खिडकी एकदा उघडी राहिली की काय काय आत येतं बघा! २००५ मध्ये मधमाश्या, २००६ मध्ये तण, २००८ मध्ये काजवे, २००९ मध्ये दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारी कोकिळा, २०१० मध्ये वटवाघूळ, २०१२ मध्ये फुलं, २०१५ मध्ये दिव्यावर झेपावणारे पतंग, २०१६ मध्ये व्हेल, २०१९ मध्ये हॅरिस हॉक हा शिकारी पक्षी. आपले सुरतचे प्राध्यापक राव यांना प्राण्यांचा कंटाळा आला असावा. त्यांनी २०११ साली वर्गच भरवला: एक गुरुजी, बाकी विद्यार्थी, गुरुजींमुळे वर्गाची सरासरी वर सरकते. निदान यात कुणी कुणाला खात नाही. २०२० साली आपण तोंडाला फडकी बांधून घरात बसलो होतो, तेव्हा कुणाच्या डोक्यात काय यावं? कोरोना अल्गोरिदम! विषाणू पसरतो तसं उत्तर शोधायचं म्हणे. लोक भांडी घासून हैराण, आणि यांना त्यातही पेपर दिसला.

या सगळ्यांना विचारा, “बाबांनो, आणखी एक कशाला?” उत्तर तोंडपाठ असतं. १९९७ साली वोल्पर्ट आणि मॅकरेडी यांनी ‘नो फ्री लंच’ नावाचं प्रमेय मांडलं: जगातली झाडून सगळी कोडी समोर ठेवली, तर सरासरीनं कुठलीच शोधपद्धत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही. आपण म्हणू, मग थांबा की! तर हे म्हणतात, कुणीच सर्वश्रेष्ठ नाही ना? मग माझाही एक असू द्या. वा रे न्याय! प्रमेयानं दार लावलं आणि यांनी त्याच दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकली.

आता खरी खमंग गोष्ट ऐका, पण तुमच्या माझ्यात ठेवा. २०१५ मध्ये बेल्जियमच्या केनेथ सोरेन्सननी लेख लिहून चपराक मारली: उपमा नवी आहे, गणित तेच आहे. २०२० मध्ये आणखी एक पेपर आला. त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं, की लांडगा, काजवा आणि वटवाघूळ या तीन लोकप्रिय पद्धतींत काडीचंही नवं नाही. कातडी सोलली तर आत १९९५ चं पार्टिकल स्वॉर्म! आणि हे म्हणणाऱ्यांत कोण होतं? मार्को दोरिगो. मुंग्यांचे पहिले मालक! पेपर वाचला गेला त्या परिषदेचं नावही ‘अँट्स’. मुंग्यांच्या वारुळात बसून लांडग्याची फजिती! २०२२ साली तर बऱ्याच संशोधकांनी मिळून जाहीर पत्रक काढलं, की हा उपमांचा बाजार आता पुरे. आणि त्या पत्रकाच्या नावात काय असावं? हत्ती! जित्याची खोड, दुसरं काय.

इकडे फरीदाबादच्या सेक्टर ६ मध्ये तर नियतीनंच थट्टा मांडलीय. तिथलं १९६९ पासूनचं वायएमसीए इन्स्टिट्यूट आधी विद्यापीठ झालं आणि २०१८ साली त्याला नाव मिळालं जगदीशचंद्र बोस यांचं. कोण हे बोस? १८९५ साली कोलकात्यात रेडिओलहरींनी दुरून घंटा वाजवून दाखवणारे, बंदुकीची दारू उडवून दाखवणारे. ५ मिलिमीटर तरंगलांबीपर्यंत, म्हणजे ६० गिगाहर्ट्झपर्यंत पोचलेले. लहरी गोळा करायला त्यांनी धातूचं नरसाळं केलं, त्याला आपण आज हॉर्न अँटेना म्हणतो. लहरींचं ध्रुवीकरण दाखवायला काय वापरलं असेल? रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक, ब्रॅडशॉ, पानापानांत कथलाचा पत्रा घालून! ना लांडगा, ना लॅपटॉप. आणि हाच गृहस्थ पुढे आयुष्यभर लाजाळूच्या झाडाला चिमटे काढून त्याला कळ पोचते का ते मोजत बसला. म्हणजे अँटेना आणि वनस्पती, दोन्हींचं मूळ एकाच घरात. मग फुलांकडून अँटेना करून घेणाऱ्यांना कुठल्या तोंडानं हसायचं? लाजाळूचं अल्गोरिदम निघालं नसेल तर निघेल, आणि ते फरीदाबादेतून निघालं तर निदान पाटीला शोभेल.

मिलिमीटर लहरींचं वेड पुन्हा का आलं तेही ऐका. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत ५जीचा बार उडाला. त्याआधीच्या लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही विकला गेला होता. तिथे अर्धी तरंगलांबी म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर. ८ बाय ८ अशा ६४ अँटेना तळहातावर मावतात! प्रत्येकीचा करंट वेगळा, प्रत्येकीची फेज वेगळी, झोत हवा तिथे वळवायचा, शेजारच्या ग्राहकाच्या दिशेला खड्डा पाडायचा. एवढी बटणं समोर आली की कुणाच्याही हाताला खाज सुटणारच.

आणि इथेच आपली पंचाईत होते. शिव्या घालायला बसावं, तर ही भानगड कधीकधी खरंच चालते!

रँडी हॉप्टचा १९९४ चा पेपर घ्या. २०० अँटेनांची ओळ, करंट सगळ्यांना सारखाच, फक्त ठरवायचं की कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद. पर्याय किती? २ चा २०० वा घात, म्हणजे १ वर साधारण ६० शून्यं. डॉल्फ इथे हात वर करतो, चेबिशेव्हही. जेनेटिक अल्गोरिदमनं मात्र चालू-बंदच्या माळा एकमेकींत जुळवल्या, वाईट फेकल्या, बऱ्या ठेवल्या, आणि साइडलोब खाली आला. मग नासाचं एसटी-५. २२ मार्च २००६ ला उडालेले तीन चिमुकले उपग्रह, आणि त्यांच्यावर उत्क्रांतीच्या पद्धतीनं संगणकानं वाकवलेली अँटेना. दिसायला अशी, की कुणी चिडून पेपरक्लिप चुरगाळलीय. कुठल्याही शहाण्या इंजिनिअरनं ती तार तशी वाकवली नसती. वाकवली असती तर गाइडनं सरळ करून आणायला सांगितली असती. पण अवकाशात जाऊन ती बोलली. आता काय करायचं? तोंडात बोट घालायचं की टाळी वाजवायची? आपण दोन्ही केलं, एक बोट तोंडात आणि उरलेल्यांनी टाळी.

यातही एक मेख आहे. आंधळी कोशिंबीर तिथेच शोभते जिथे डोळ्यांवर खरंच पट्टी आहे. १९९७ साली लेब्रे आणि बॉइड यांनी दाखवलं, की अँटेनांच्या ओळीचे कितीतरी प्रश्न ‘कॉन्व्हेक्स’ असतात, म्हणजे त्यांना एकच तळ असतो आणि गणित थेट तळाशी नेऊन सोडतं. नशीब नको, कळप नको, तीसदा चालवून सरासरी काढणं नको. तिथे लांडगा सोडणं म्हणजे उघड्या कुलपाला किल्लीवाला बोलावणं. आणि आपल्या जुन्नरच्या बाजूला, खोडदला बघा. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या: १४ मधल्या चौकात आणि १६ वाय आकाराच्या तीन हातांवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. हाही अ‍ॅरेच की! करडा लांडगा जन्माला यायच्या कितीतरी आधी गोविंद स्वरूप आणि त्यांच्या माणसांनी तो डोकं वापरून मांडला. पण हे चार लोकांत बोलू नका. कुणी तबकड्या हलवायला व्हेल घेऊन येईल.

आणि आता खरं सांगू का? आपण सगळे यात आहोत. अगदी गळ्यापर्यंत! आठवतं ना दूरदर्शनचं युग? एक जण गच्चीवर अँटेना धरून, एक जण जिन्यात, एक जण टीव्हीसमोर. “आलं का?” “थोडं उजवीकडे!” “आता?” “गेलं! मघाचंच बरं होतं!” हे काय होतं मग? एक इकडे, एक तिकडे, बरं वाटलं तिथे थांबायचं, बिघडलं की मागे फिरायचं. तेव्हा लांडगा आपणच होतो, आणि अल्फा म्हणजे टीव्हीसमोर लोडाला टेकून हुकूम सोडणारे काका. या काकांच्या नावाचं अल्गोरिदम अजून निघालं नाही, हीच काय ती जगाची चूक. आजही सेक्टरातल्या फ्लॅटमध्ये व्हिडिओ कॉल अडखळला की आपण फोन डोक्यावर धरून बाल्कनीच्या कोपऱ्याकोपऱ्यात फिरतो, दोन कांड्या दिसल्या की पुतळ्यासारखे थिजतो. कुणी बघत नाहीसं बघून!

इंजिनिअर मंडळींचं तर विचारूच नका. जे चारचौघांत ‘कसला हा प्राणिबाजार’ म्हणून नाक मुरडतात, त्यांच्या लॅपटॉपात कुठल्या तरी फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये लांडग्याचा कोड झोपलेला असतो. फुकटात उतरवलेला, मूळ लेखकाचं नाव तसंच, फक्त शेवटच्या ओळीतलं फंक्शन बदललेलं. एन्टर दाबलं की निळी रेघ खाली उतरते आणि त्या उतरणाऱ्या रेघेत काय जादू आहे कोण जाणे, माणूस रात्रभर बघत बसतो. फेरफारही काही करायचा नसतो. वाटलं तर लांडग्याला थोडा काजवा जोडायचा, ‘हायब्रिड’ म्हणायचं, की झाला नवा पेपर.

तेव्हा मंडळी, पाळायचे तर खुशाल लांडगे पाळा. मांजरं पाळा, तण वाढवा, काकांना वर चढवा. अँटेना चालू-बंद करायच्या असतील, ओळ वाकडी असेल, अंतरं बिघडलेली असतील, दोन-चार अँटेना जळालेल्या असतील, तर कळप सोडाच, आम्ही टाळ्या वाजवायला आहोतच. पण सारख्या अंतराच्या सरळ ओळीवर लांडगा सोडायचाच असेल, तर एवढं करा: आलेखात त्याच्या रेघेशेजारी डॉल्फची रेघ काढा, आणि मग वाचकाला बोलवा. ती रेघ काढायला जंगल लागत नाही. ज्या मॅटलॅबमध्ये लांडगे रात्रभर पळतात, त्याच मॅटलॅबमध्ये त्यासाठी एक तयार आज्ञा आहे: चेबविन, कंसात १० आणि ३०. म्हणजे दहा अँटेना, साइडलोब ३० डीबी खाली. एका ओळीत होतं.